एपिस्कोपल चर्चमधील महिलांच्या सेवाकार्याचा आणि निधिसंकलनाचा इतिहास कसा लिहावा

अमेरिकेतील एखाद्या एपिस्कोपल, म्हणजे अँग्लिकन परंपरेतील, चर्चचा इतिहास लिहिताना बहुतेक जण रेक्टरांची, म्हणजे प्रमुख धर्मगुरूंची, यादी, इमारतीची पायाभरणी आणि व्हेस्ट्रीचे, म्हणजे कारभारी मंडळाचे, ठराव यांपासून सुरुवात करतात. या वाटेने गेल्यास महिला जवळजवळ दिसतच नाहीत, कारण व्हेस्ट्री दीर्घकाळ पुरुषांचीच होती आणि जनरल कन्व्हेन्शन या राष्ट्रीय अधिवेशनातही, १९४६ मधील एक अपवाद सोडल्यास, महिलांना प्रतिनिधी म्हणून बसता आले ते १९७० मध्ये. म्हणून सुरुवात पैशांपासून करावी, असे माझे ठाम मत आहे. निर्णयाच्या कागदावर सही कोणाची आहे यापेक्षा ऑर्गनचे किंवा छपराचे पैसे कोणी उभे केले, हा प्रश्न आधी विचारावा.

प्रथम महिला मंडळांच्या स्वतःच्या वह्या शोधाव्यात. लेडीज एड सोसायटी, वेदीची व्यवस्था पाहणारे ऑल्टर गिल्ड किंवा मिशनकार्याला साहाय्य करणाऱ्या विमेन्स ऑक्झिलिअरीची स्थानिक शाखा यांच्या जमाखर्चाच्या वह्या अनेकदा चर्चच्या दप्तरात नसून जुन्या सभासदांच्या घरी असतात. त्यामुळे कुटुंबांकडे थेट चौकशी करावी. वही मिळाली की बाजार, सामुदायिक भोजन, शिवणकाम, पाककृतींची पुस्तिका अशा जमेच्या बाबी तारखेनुसार उतरवून घ्याव्यात आणि त्याच काळातील व्हेस्ट्रीच्या इतिवृत्ताशी ताडून पाहाव्यात. एका वहीत कित्येक महिन्यांचे कष्ट नोंदलेले असतात, तर दुसरीत त्याच रकमेसाठी ‘महिलांकडून देणगी’ एवढीच ओळ सापडू शकते. अशा ठिकाणी दोन्ही नोंदी शब्दशः शेजारी शेजारी द्याव्यात.

स्थानिक नोंदींचा अर्थ लागण्यासाठी राष्ट्रीय चौकट माहीत असणे आवश्यक आहे. जनरल कन्व्हेन्शनने १८७१ मध्ये मिशन मंडळाला साहाय्य करणारी विमेन्स ऑक्झिलिअरी स्थापन केली. तिच्या पहिल्या सचिव मेरी एमरी होत्या. त्यांच्यानंतर १८७६ पासून १९१६ पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे, त्यांची बहीण ज्युलिया चेस्टर एमरी यांनी ही जबाबदारी सांभाळली आणि गावोगावच्या शाखा एका सूत्रात बांधल्या. ‘स्पिरिट ऑफ मिशन्स’ या मासिकात आलेल्या रकमांची पोच डायोसीस (बिशपच्या अधिकाराखालील विभाग) आणि चर्चनुसार छापली जात असे. स्थानिक वही हरवलेली असल्यास हा आधार फार मोलाचा ठरतो.

हिशेब मांडताना दोन प्रकारचा निधी वेगळा ठेवावा, आणि येथे घाई करू नये. बाजारात किंवा भोजनातून आलेला पैसा विक्रीचा होता, आणि चर्चसाठी असा पैसा उभारावा की नाही याविषयी त्या काळात खरोखर मतभेद होते. याउलट १८८९ मध्ये सुरू झालेले युनायटेड ऑफरिंग, जे पुढे युनायटेड थँक ऑफरिंग म्हणून ओळखले गेले, कृतज्ञतेपोटी बाजूला टाकलेल्या लहान लहान नाण्यांतून उभे राहिले. पहिल्या अर्पणात दोन हजार डॉलरांहून थोडी अधिक रक्कम जमली. तिच्यातून अलास्कातील ॲन्व्हिक येथे चर्च बांधण्यास आणि एका महिला मिशनरीला जपानला पाठवण्यास मदत झाली. त्यानंतर हे अर्पण दर तीन वर्षांनी जनरल कन्व्हेन्शनच्या वेळी एकत्र सादर होऊ लागले. ज्या अधिवेशनात महिलांना मत नव्हते, त्याच अधिवेशनाच्या काळात त्यांनी जमवलेले धन वेदीवर ठेवले जात होते; ही गोष्ट इतिहासात स्पष्ट लिहिली गेलीच पाहिजे.

मिशन केंद्रांना पाठवलेल्या कपड्यांच्या आणि वस्तूंच्या पेट्यांचे मूल्य मात्र रोख रकमेत मिळवू नये. ते पाठवणाऱ्यांनी केलेले अंदाज असतात. स्वतंत्र रकान्यात द्यावेत.

नावांचे काम सर्वांत चिकाटीचे आहे. जुन्या याद्यांत विवाहित महिला पतीच्या नावाने नोंदलेली असते, त्यामुळे तिचे स्वतःचे नाव बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदवह्यांतून, तसेच संघीय जनगणनेतून शोधावे. १८८० पासूनच्या जनगणनेत कुटुंबप्रमुखाशी असलेले नातेही दिलेले असते. १८९० ची कागदपत्रे आगीमुळे बहुतांशी नष्ट झाली आहेत, म्हणून तेथे शहराच्या निर्देशिका आणि स्थानिक वृत्तपत्रे वापरावीत. दक्षिणेकडील काही डायोसीसमध्ये कृष्णवर्णीय महिलांच्या शाखा वेगळ्या ठेवल्या जात. केवळ श्वेतवर्णीय शाखेची वही हाताशी असताना ‘डायोसीसमधील महिला’ असे लिहिणे चुकीचे ठरेल; दुसऱ्या शाखेचे कागद तिच्या चर्चमध्ये जाऊन शोधावेत आणि तेथील ज्येष्ठ महिलांच्या मुलाखती त्यांच्या संमतीने ध्वनिमुद्रित कराव्यात.

लेखन पूर्ण झाल्यावर मूळ वह्या कुटुंबांच्या परवानगीने डायोसीसच्या अभिलेखागारात द्याव्यात, प्रत्येक पानाची प्रत चर्चमध्ये ठेवावी, आणि शोधून काढलेल्या पूर्ण नावांची सूची मूळ नोंदींतील नावांसह त्या प्रतीला जोडावी.