कार्बोरेटरचे ओरिजिनल स्क्रू शोधताय? आधी या चुका टाळा

विंटेज गाडीचा कार्बोरेटर उघडला, धुतला, रिपेअर किट आलंय म्हणून जुने स्क्रू डब्यासकट फेकले, ही पहिली चूक आणि सगळ्यात महाग पडणारी. किटमध्ये गॅस्केट, नीडल व्हॉल्व्ह, डायफ्रॅम असतं, पण स्क्रू, वायसर, लिंकेजच्या क्लिपा बहुतेक वेळा नसतातच. मग शोधणार कशावरून? डोकं गेलेला, गंजलेला कसाही असो, जुना स्क्रू हाच नमुना. पुठ्ठ्यावर कार्बोरेटरचं चित्र काढा आणि जो जिथून निघाला तिथेच खोचून ठेवा.

आता खरा घोळ, आटे. एसयू या जुन्या ब्रिटिश कंपनीच्या कार्बोरेटरमध्ये बीए आटे (जुनं ब्रिटिश माप) भेटतात, नंतरच्यांत यूएनएफ (इंचातलं बारीक आट्याचं माप). २ बीए म्हणजे ४.७ मिमी जाडी, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) ०.८१ मिमी. १०-३२ यूएनएफ म्हणजे ४.८३ मिमी, पिच ०.७९. मेट्रिक एम५ तर पूर्ण ५ मिमी पण पिच ०.८, म्हणजे नुसता पिच गेज लावला तर तिन्ही भाऊ-भाऊच वाटतात, म्हणून व्हर्नियरने जाडी पण मोजायचीच. वर बीएच्या आट्याचा कोन ४७.५ अंश आणि बाकी दोघांचा ६०. मी एकदा बीएच्या भोकात यूएनएफ घातला, दोन आटे गेला, अडला, मी म्हटलं घाण असेल आणि दिला जोर. स्टीलचा स्क्रू आणि जस्ताच्या मिश्रधातूची बॉडी, हरलं कोण ते सांगायला नकोच, मग हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी) टाकत बसलो.

बटरफ्लायचे, म्हणजे आतल्या उघडझाप करणाऱ्या चकतीचे, स्क्रू तर वेगळाच विषय. पितळेचे असतात, मागचं टोक फाकवलेलं किंवा ठोकून पसरवलेलं असतं, सुटू नयेत म्हणून. ते जुने परत वापरू नका, साधे पण लावू नका, कारण सुटला तर थेट इंजिनात जातो. (एवढी एकच जागा जिथे जुन्याचा मोह सोडायचा.)

दिसण्याची चूक पण बघा. चकाचक स्टेनलेस, प्लस खाचेचा स्क्रू फिट बसेल हो, पण जिथे आधी उंच गोल डोक्याचा सरळ खाचेचा होता तिथे तो लांबूनच डोळ्यात खुपतो. जुना धड असेल तर घासून-पुसून परत प्लेटिंग करून घेणं बरं.

आणि गाडीचं मॉडेल सांगून पार्ट मागवू नका, एकाच मॉडेलला वर्षागणिक वेगळे कार्बोरेटर लागलेत. कार्बोरेटरचा नंबर बघा, तो बऱ्याचदा एका स्क्रूखाली अडकवलेल्या बारक्या पत्र्याच्या टॅगवर असतो, जो आपण वायसर समजून काढून टाकतो. तो नंबर जुळणारा एखादा मोडका कार्बोरेटर मिळाला तर डोळे झाकून घ्या, बॉडी फुटलेली असली तरी चालेल, त्याच्या क्लिपा, स्प्रिंगा आणि स्क्रूच आपल्याला हवेत.