मज्जारज्जूच्या इजेनंतर हाड मोडण्याचा धोका: अंदाज बांधताना या चुका टाळा

मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाचं हाड मोडायला मोठा अपघात लागत नाही. पलंगावरून व्हीलचेअरवर सरकताना पाय अडकला, कपडे घालताना जरा जास्त पिळला गेला, व्यायामात गुडघा जोरात वाकवला, एवढं पुरतं. तरीही धोका किती, हे बहुतेकदा पहिलं हाड मोडल्यावरच विचारलं जातं. याचं मला फार वाईट वाटतं, कारण अंदाज आधी बांधता येतो.

सर्वांत मोठी चूक मोजण्याच्या जागेची. डेक्सा तपासणीत, म्हणजे एक्स-रेने हाडांची घनता मोजताना, सहसा कंबरेचे मणके आणि खुबा मोजतात. या रुग्णांचं हाड मात्र सर्वाधिक विरळ होतं ते गुडघ्याच्या आसपास, म्हणजे मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला आणि नडगीच्या वरच्या टोकाला. मोडतंही बहुधा तिथेच. मणक्यांचा रिपोर्ट अनेकदा चांगला दिसतो, कारण बसल्यावरही कण्यावर भार येतच असतो. शिवाय शस्त्रक्रियेतले स्क्रू आणि मणक्यांची झीज यांमुळे आकडा फुगतो. तो पाहून निर्धास्त होऊ नका. हाडांच्या घनतेच्या तपासणीचे निकष ठरवणाऱ्या इंटरनॅशनल सोसायटी फॉर क्लिनिकल डेन्सिटोमेट्रीने 2019 साली स्पष्ट सांगितलं आहे की, प्रकृती स्थिर झाली की खुबा आणि गुडघ्याजवळच्या या दोन्ही जागा मोजाव्यात. पण चिठ्ठीवर नुसतं 'डेक्सा' लिहिलेलं असेल, तर तंत्रज्ञ नेहमीच्याच जागा मोजणार. म्हणून गुडघ्याचा उल्लेख डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि केंद्रात ती सोय आहे का, हे निघण्याआधी विचारा. पुढची तपासणीही शक्यतो त्याच मशीनवर करा, नाहीतर दोन आकड्यांची तुलनाच होत नाही.

दुसरी चूक फ्रॅक्सवर, म्हणजे हाड मोडण्याचा धोका काढणाऱ्या ऑनलाइन गणितावर, विसंबण्याची. हे गणित 40 ते 90 वयासाठी आहे आणि ते खुबा, मणके, मनगट व खांदा इथल्या फ्रॅक्चरचा अंदाज देतं. गुडघ्याजवळची फ्रॅक्चर त्यात धरलेलीच नाहीत. पंचविशीत इजा झालेल्या मुलाला ते लागूच पडत नाही. पन्नाशीच्या आतल्या पुरुषाला किंवा पाळी सुरू असलेल्या स्त्रीला टी-स्कोअरऐवजी (तरुण निरोगी माणसाशी तुलना) झेड-स्कोअर (आपल्याच वयाच्या लोकांशी तुलना) पाहायचा असतो, हेही निसटतं.

काही जण पाच-सात वर्षांनी पाहू म्हणतात. हाडाची झीज इजेनंतर काही आठवड्यांतच सुरू होते, आणि गुडघ्याजवळचं जाळीदार हाड पहिल्या काही वर्षांत निम्म्याच्या आसपास उरू शकतं. सुरुवातीचा आकडा हाती नसेल तर काय गमावलं ते कळणार कसं?

आणि केवळ आकड्यावर थांबू नका. पायांची हालचाल पूर्ण गेली आहे का, इजेला दहा वर्षं उलटली का, इजा सोळाव्या वर्षाआधीची आहे का, पूर्वी हाड मोडलं होतं का, आईवडिलांचं मोडलं होतं का, वजन फार कमी आहे का, दारू किती, फिट्सची किंवा ओपिऑइड गटातली (मॉर्फिनसारखी तीव्र वेदनाशामक) औषधं चालू आहेत का, हे सगळं डॉक्टरांना सांगा. स्त्रियांना धोका जास्त असतो.

कॅल्शियमच्या गोळ्या मनाने सुरू करू नका. सुरुवातीच्या महिन्यांत हाडातून सुटलेलं कॅल्शियम रक्तात आणि लघवीत आधीच वाढलेलं असू शकतं, त्यातून मूतखडे होतात.

एक चूक मात्र फार महागात पडते: दुखत नाही म्हणजे मोडलेलं नाही असं समजणं. संवेदना नसलेल्या पायात फ्रॅक्चर झालं तर सूज, लाली, ऊब, वेडावाकडा पाय किंवा एकाएकी वाढलेले स्नायूंचे झटके एवढंच दिसतं. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर इजा असेल तर रक्तदाब अचानक भडकून डोकं ठणकू शकतं. ती तातडीची वेळ असते. अशीच सूज शिरेत गुठळी झाल्यावरही येते, म्हणून पाय चोळू नका, त्याच दिवशी एक्स-रे आणि डॉप्लर (शिरांची सोनोग्राफी) दोन्ही करून घ्या. फ्रॅक्चर निघालंच, तर प्लास्टर सुटल्यावर ते विसरून जाऊ नका. फाइलमध्ये जागा आणि तारखेसह नोंदवून ठेवा, कारण पुढच्या फ्रॅक्चरचा अंदाज बांधताना डॉक्टर तीच नोंद आधी शोधतील.