पिकअपच्या दाराचा गंज तळातून सुरू होतो
दाराच्या खालच्या कडेला रंगाचा फुगा आला, की बहुतेक वेळा गंज आतूनच आलेला असतो. काचेच्या रबराजवळून पाणी दारात उतरतंच. ते निघून जायला तळाशी बारीक भोकं असतात. ती चिखलाने बुजली की पाणी दुमडलेल्या पत्र्यात साचतं. आधी ती मोकळी करा, पण प्लास्टिकच्या झिप टायने. तारेने आतला रंग खरवडला जातो.

मग फुगा स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. टोक आरपार गेलं तर पत्रा कापून नवा वेल्ड करायचा. गंजावर पुट्टी थापणं म्हणजे दुखणं झाकणं. पत्रा शाबूत असेल तर 80 नंबरच्या पॉलिश पेपरने चकचकीत धातू लागेपर्यंत घासा, भोवतीच्या रंगाच्या कडा 220 ने उतरत्या करा. प्रायमर त्याच दिवशी मारा. दमट हवेत उघडा पत्रा सकाळपर्यंत तांबूस दिसायला लागतो! त्यावर रंग आणि लॅकर, म्हणजे वरचा पारदर्शक थर.

बाहेरचं काम झालं तरी आतली, दुमडलेल्या पत्र्याची शिवण उघडीच असते. कोरड्या दारात नळीने कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं गंजरोधक मेण) फवारा आणि ते गळायचं थांबलं की भोकं पुन्हा उघडी आहेत ना, बघा.