मांजरीची फिजिओ घरी करताय? या चुका टाळा

मांजर बाल्कनीतून पडली, पाय मोडला, ऑपरेशन झालं, आता व्हेट म्हणतात घरी थोडी फिजिओ करा. इथपर्यंत ठीक. गडबड पुढे होते, कारण आपण कुत्र्यांचे व्हिडिओ बघतो आणि तेच हिच्यावर करायला जातो. कुत्रा मालकाच्या खुशीसाठी करेल हो, मांजर कशाला करतेय!

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नक्की कुठलं ऑपरेशन झालंय ते न बघता कुणाचातरी सल्ला ऐकणं. प्लेट किंवा रॉड टाकून हाड जोडलं असेल तर ते जुळेपर्यंत उड्या, धावाधाव सगळं बंद, त्याला काही आठवडे जातात आणि एक्स-रे बघूनच मोकळं सोडायचं. पण एफएचओ झालं असेल, म्हणजे खुब्यातला हाडाचा गोळा काढलाय, तर नेमकं उलटं, तिथे पाय लवकर वापरात आणावा लागतो नाहीतर खुबा आखडतो आणि मांडी बारीक होत जाते. शेजारच्या काकूंच्या बोक्याला महिनाभर पिंजऱ्यात ठेवलं म्हणून आपणही ठेवायचं असं नाही ना.

मग जबरदस्ती. मान धरून, टॉवेलात गुंडाळून पाय ओढला की दुसऱ्या दिवशी ती तुम्हाला बघूनच कपाटाखाली जाणार. पायाला खालून आधार देऊन हळू वाकवा, अडेल तिथे थांबा, शेपटी आपटायला लागली किंवा कान मागे गेले की आजचं झालं. चार-पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, जेवणाआधी. आणि खरं सांगू का, चमच्यावर उकडलेलं चिकन धरून उभ्या उभ्या तिची मान डावीकडे-उजवीकडे वळवायला लावली की वजन दुखऱ्या पायावरही येतं, व्यायाम होतो आणि तिला वाटतं खाऊ मिळतोय. हे करताना गुळगुळीत टाइल्सवर उभं करू नका, सतरंजी किंवा योगा मॅट टाका. लिटर बॉक्सची एक कडा पण कमी उंचीची हवी.

शेक कधी, बर्फ कधी, ह्यात पण गोंधळ. सुरुवातीचे दोन-तीन दिवस सूज असते तेव्हा कापडात गुंडाळलेला बर्फ, दहाएक मिनिटं. सूज उतरली की व्यायामाआधी कोमट शेक. इलेक्ट्रिक पॅडवर ठेवून विसरू नका, भाजतं.

दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल तर अजिबात नाही, चिमूटभर पण नाही! मांजरीच्या शरीराला ती पचवताच येत नाही, रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद जाते, हिरड्या तपकिरी पडतात, जीव जातो. आणि ओरडत नाही म्हणजे दुखत नाही असं समजू नका, मांजरी दुखणं लपवतात. अंग चाटणं बंद, कोपऱ्यात बसून राहणं, खाणं कमी, ही लक्षणं बघा. दिवसभर काहीच खाल्लं नाही तर व्हेटला फोन करा, जाड मांजरींचं लिव्हर उपाशीपोटी लवकर बिघडतं. चालताना पंजा उलटा पडत असेल तरी लगेच कळवा, नसेचा प्रॉब्लेम असू शकतो.

क्लिनिकमध्ये ती टेबलावर दगडासारखी बसते, चालतच नाही, म्हणून घरी चालतानाचा व्हिडिओ मागून आणि बाजूने काढून न्या, व्हेटना त्यावरून बरंच कळतं.