वेताळवाडी ते अंतूर पायी: आधी पाण्याचा हिशेब

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या सोयगावकडून वेताळवाडी किल्ला चढायचा, मग जंजाळा किल्ला आणि घटोत्कच लेणी, पुढं सुतोंडा आणि शेवटी अंतूर, हेही किल्लेच. माझ्या चालीनं चार दिवस. घाई असेल त्यांनी गाडीनं जावं.

निघायचं डिसेंबरच्या आत. सुतोंड्यावर खडकात कोरलेली टाकी भरपूर, म्हणून एका मार्चमध्ये मी दोनच बाटल्या घेऊन चढले. पहिल्या टाक्यात तळाला हिरवा चिखल होता, त्यावर मधमाश्या बसलेल्या. ओढणीतून गाळून वाटीभर पाणी निघालं, तेही उकळावं लागलं. आता माणशी चार लिटर पाठीवर असतं, आणि आदल्या दिवशी खालच्या गावात फोन करून विहिरीचं विचारून घेते. पावसाचा भरवसा उरला नाही. २०१४ साली तर फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीनं रब्बी झोपवली. म्हणून हिवाळ्यातही एक प्लास्टिकचा कागद जवळ ठेवा.

टाक्यात पाय बुडवू नका, साबण तर नकोच. उन्हाळ्यात माकडं, मोर तिथंच येतात. तंबूही पाण्यापासून लांब लावा, नाहीतर रात्रभर जनावरं तहानलेली ताटकळतात.

चूल पेटवायची नाही. कुसळी गवत वाळलं की एका ठिणगीत अख्खा उतार जातो. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गूळ एवढ्यावर दोन दिवस निघतात. पुढचं जेवण गावात सांगून ठेवा, पैसे देऊन. वाट गुराख्याला विचारा. मोबाईलवरच्या नकाशानं मला दोनदा करवंदीच्या जाळीत घातलंय.