ॲम्प्लिफायर आणि सीडी प्लेअरसाठी युनिव्हर्सल रिमोटमध्ये इन्फ्रारेड कोड भरताना

यावलला मामांच्या बैठकीत लोखंडी कपाटावर एक जुना ॲम्प्लिफायर आणि त्याखाली सीडी प्लेअर आहे. मे महिन्यात घर बंद असताना दोन्हींच्या रिमोटमधले सेल पाझरले, क्षार पट्ट्यांवर चढला आणि दोन्ही रिमोट निकामी झाले. खानदेशात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि अशा उष्णतेत न वापरता ठेवलेले सेल लवकर फुटतात. बाजारातून आणलेल्या युनिव्हर्सल रिमोटने टीव्ही लगेच चालला, पण ॲम्प्लिफायर काही केल्या दाद देईना. मामा म्हणाले, "राहू दे रे, मी उठून बटण दाबत जाईन." वय झालेल्या माणसाने आवाज कमी-जास्त करण्यासाठी दर वेळी उठावे हे मला पटले नाही, म्हणून मी हे काम नीट समजून घेतले.

आधी कोड म्हणजे काय ते पाहू. रिमोटच्या टोकाचा एलईडी साधारण ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सेकंदाला हजारो वेळा लुकलुकवतो. ही वाहक वारंवारता बहुधा ३६, ३८ किंवा ४० किलोहर्ट्झ असते. त्या लुकलुकीचे तुकडे आणि मधल्या शांततेची लांबी यांतून शून्य आणि एक तयार होतात, आणि त्या शून्य-एकांत दोन गोष्टी असतात: पत्ता, म्हणजे कोणत्या उपकरणासाठी, आणि आज्ञा, म्हणजे काय करायचे. वारंवारता, रचना (शून्य-एक मांडण्याची पद्धत), पत्ता आणि आज्ञा या चारांपैकी एक जरी चुकले तरी उपकरण ढिम्म हलत नाही.

सर्वांत जास्त आढळणारी रचना एनईसी या जपानी कंपनीची. तिच्यात सुरुवातीला ९ मिलिसेकंदांचा झोत, मग ४.५ मिलिसेकंदांची शांतता, आणि त्यानंतर ३२ बिट (म्हणजे एकेक शून्य किंवा एक) येतात: ८ पत्त्याचे, ८ त्याच्या उलट, ८ आज्ञेचे आणि ८ तिच्या उलट. फिलिप्सची आरसी-५ रचना ३६ किलोहर्ट्झवर १४ बिटांची असते, तर सोनीची ४० किलोहर्ट्झवर १२, १५ किंवा २० बिटांची असते आणि तीच आज्ञा किमान तीनदा पाठवली जाते.

यातून एक उपयोगाची खूण मिळते. रिमोट हातभर अंतरावरून चालतो, पण खाटेवरून चालत नाही, असे असेल आणि सेल नवे असतील, तर वाहक वारंवारता चुकली असण्याची शक्यता मोठी असते, कारण ३८ ची अपेक्षा करणारा रिसीव्हर, म्हणजे उपकरणातला प्रकाश पकडणारा भाग, ३६ किंवा ४० चा प्रकाश ओळखतो, पण जवळूनच.

रिमोट विकत घेताना त्यावर टीव्ही आणि सेटटॉप बॉक्सशिवाय ऑडिओचे वेगळे बटण आहे का, हे आधी पाहावे. बऱ्याच स्वस्त रिमोटांत ऑडिओचे कोडच नसतात. मामांच्या रिमोटचे हेच झाले होते. ऑडिओ विभाग असेल तर सोबतच्या पत्रकातून कंपनीच्या नावापुढचे आकडे घेऊन एकेक भरावा. पॉवर चालले म्हणजे कोड जुळला असे समजू नये. एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या मॉडेलांचे पत्ते वेगळे असू शकतात, म्हणून आवाज, म्यूट आणि इनपुट बदलण्याची बटणेही तपासावीत आणि ती चालली नाहीत तर पुढचा आकडा भरून पाहावा. आपोआप शोधण्याची सोय असेल तर ती फार सावकाश वापरावी, कारण घाईने दाबत गेल्यास बरोबर कोड निघून गेल्यावर आपल्याला कळते.

पत्रकात काहीच न जुळल्यास शिकवण्याची सोय असलेला, म्हणजे दुसऱ्या रिमोटचा संकेत पाहून तो नोंदवून ठेवणारा लर्निंग रिमोट घ्यावा. आम्हाला फैजपूरच्या एका नातेवाइकांकडे अगदी तेच मॉडेल आणि चालू रिमोट मिळाले. शिकवताना दोन्ही रिमोट टेबलावर समोरासमोर, तोंडाला तोंड, तीन-चार सेंटिमीटर अंतरावर ठेवावेत. जुना रिमोट जाड होता आणि नव्याचा डोळा त्याच्या खाली राहत होता, म्हणून मी नव्याखाली काड्यापेटी सरकवली. दोन्ही टोके एका रेषेत येताच जे बटण चारदा नापास झाले होते ते पहिल्या प्रयत्नात नोंदले गेले. टेबलावर ऊन किंवा ट्यूबलाइटचा झगमगाट पडू देऊ नये. बटण एकदा टिचकीसारखे दाबून सोडावे. दाबून धरल्यास एनईसीमध्ये मूळ आज्ञेनंतर साधारण दर ११० मिलिसेकंदांनी नुसते "चालू ठेव" असे सांगणारे छोटे संकेत येतात, आणि रिमोटने तेवढेच शिकले तर त्याचा काही उपयोग होत नाही.

सीडी प्लेअरने मात्र वेगळीच अडचण आणली. ५ हे बटण दोनदा दाबून ५५ वे गाणे लावायचे, तर तो एकच ५ धरायचा. हा दोष नव्हता. तो प्लेअर आरसी-५ रचनेचा आहे, आणि आरसी-५ मध्ये एक टॉगल बिट असतो, जो प्रत्येक नव्या दाबणीला पालटतो, म्हणजे बटण धरून ठेवले आहे की पुन्हा दाबले आहे ते उपकरणाला कळते. शिकलेला रिमोट मात्र तो बिट नेहमी एकच पाठवतो. त्यावर उपाय असा, की तीच आज्ञा दोन वेगळ्या बटणांवर, मूळ रिमोटच्या लागोपाठच्या दोन दाबण्यांतून शिकवावी आणि ती आलटून पालटून वापरावीत. रिमोट आरसी-५ स्वतः तयार करू शकत असेल तर त्यात पत्ता २० (सीडी प्लेअर) आणि आज्ञा ५३ (वाजवणे) किंवा ५४ (थांबवणे) थेट भरणे सर्वांत चांगले.

मूळ रिमोट कुठेच मिळत नसेल, तर कोड अंकांच्या रूपात शोधावा लागतो आणि इथे बरेच जण गोंधळतात. हे अंक हेक्समध्ये, म्हणजे ० ते ९ आणि ए ते एफ अशा सोळा चिन्हांत लिहितात. यामाहाच्या अनेक रिसीव्हरांत (इथे रिसीव्हर म्हणजे रेडिओसह येणारा ॲम्प्लिफायर) आवाज वाढवण्याचा कोड एनईसीमध्ये पत्ता ७ए, आज्ञा १ए असा लिहितात. दुसरीकडे तोच ५ईए१५८ए७ असा दिसतो. हे दोन वेगळे कोड नाहीत. एनईसीमध्ये प्रत्येक आठ बिटांतला सर्वांत लहान बिट आधी जातो, म्हणून आलेल्या क्रमाने लिहिले की ७ए चा ५ई होतो आणि १ए चा ५८. मधले ए१ आणि शेवटचे ए७ हे त्यांचे उलटे बिट. आपले मोबाइलवरचे रिमोट ॲप किंवा रिमोट यांपैकी कोणती पद्धत मागते ते पाहूनच भरावे.

तिसरे रूप प्रॉन्टो हेक्सचे, चार-चार अंकांच्या लांब ओळीचे. त्यातला दुसरा गट वारंवारता सांगतो: ००६डी म्हणजे १०९, आणि १०,००,००० ला १०९ गुणिले ०.२४१२४६ (हा ठरलेला आकडा) ने भागल्यास ३८,०२९ येते, म्हणजे ३८ किलोहर्ट्झ. एवढा हिशेब केला तर चुकीचा कोड भरण्याआधीच ओळखू येतो.

पॉवरसाठी शक्यतो चालू आणि बंद असे दोन वेगळे कोड शोधावेत. मूळ रिमोटवर बहुधा एकच बटण असते, जे चालूचे बंद आणि बंदचे चालू करते. एका बटणावर सगळ्या उपकरणांची मालिका लावली आणि त्यातले एक आधीच चालू असले, तर तेच नेमके बंद पडते.

रिमोट काहीच पाठवत नाही असे वाटल्यास मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून त्याच्या टोकाकडे पाहावे. बटण दाबताच बहुधा जांभळट ठिपका दिसतो. ठिपका दिसूनही दुपारी तीनला रिमोट न चालता रात्री चालत असेल, तर खिडकीतले ऊन ॲम्प्लिफायरच्या पुढच्या काचेवर पडते का ते पाहावे, कारण उन्हातही इन्फ्रारेड असतोच आणि रिसीव्हर त्याने दिपून जातो. मामांकडे पडदा ओढताच प्रश्न सुटला.

उन्हाळ्यात गावी जाताना सेल काढून ठेवायचे, तर रिमोट सेलविना कोड लक्षात ठेवतो का, हे आधी तपासावे. एखाद्या कमी महत्त्वाच्या बटणावर कोड शिकवून सेल तासभर काढून पाहिले की कळते. मामांचा रिमोट विसरतो. म्हणून भरलेले आकडे आणि कोणत्या बटणावर काय शिकवले आहे ते एका चिठ्ठीवर लिहून ती मी सेलच्या झाकणाच्या आतून चिकटवली आहे, आणि दुसरी प्रत कपाटात, सीडींच्या डब्यात आहे.