पंचमप्रेमींचा मेळावा आणि पालखीचं गणित

पंचमदांचा, म्हणजे संगीतकार आर. डी. बर्मन यांचा, जन्मदिवस 27 जूनचा. आमचा मेळावा पुण्यात, जवळच्या रविवारीच व्हावा असं सगळ्यांनाच वाटतं. अडचण पालख्यांची. 2024 मध्ये त्या नेमक्या रविवारी, 30 जूनला आल्या. रस्ते बंद, नागपूरकर मंडळी बॅगा उचलून स्टेशनपासून चालत आली. फार वाईट वाटलं.

आता मी आधी आषाढी एकादशी बघतो, तिथून 16-17 दिवस मागे मोजतो. साधारण तेव्हा पालख्या पुण्यात येतात आणि बहुधा दोन रात्री मुक्काम करतात. ते दिवस टाळूनच रविवार. तारीख एप्रिलच्या सुरुवातीलाच कळवतो, कारण रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं.

नाशिकची एसटी वाकडेवाडीला येते, म्हणून हॉल शिवाजीनगरला. गाण्यांचा क्रमही परतीच्या गाड्यांनुसार. सोलापूरच्या काकांचं गाणं जेवणाआधी, मग त्यांना निवांत दोन अंतरे म्हणता येतात.